दीड इंचाची ऐट

आपल्या मोटारीला नटवावे असे मला वाटले तेव्हा माझे वय चोपन्न वर्षांचे होते. या वयात माणसाला काय वाटावे याविषयी आमच्या घरात मतभेद आहेत. सौभाग्यवतीच्या मते चोपन्नाव्या वर्षी माणसाने मधुमेहाची तपासणी करून घ्यावी, जमल्यास पहाटे फिरायला जावे, आणि नटण्यामुरडण्याचे विचार पुढच्या पिढीकडे सोपवावेत. परंतु पुढची पिढी, म्हणजे आमचे चिरंजीव, याच बाबतीत माझे गुरू निघाले, आणि गुरुशिष्यांनी मिळून जो उद्योग केला तो आज सांगायला बसलो आहे.

गाडी साधी. २०१२ साली घेतलेली पांढरी स्विफ्ट, फार वरच्या प्रतीची नाही, फार खालच्याही नाही. मध्यमवर्गीयाने मधली प्रत घ्यावी हा आमच्या घराण्याचा शिरस्ता आहे. अकरा वर्षे तिने आम्हाला लग्नामुंजींना नेले, कोकणात नेले, दोनदा मध्यरात्री दवाखान्यात नेले. तिच्या दिसण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. पण २०२३ च्या दसऱ्याला तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी एक नवी, उंचीपुरी, काळीभोर गाडी आणली. झेंडूच्या माळा घालून ती आमच्या गाडीशेजारी उभी राहिली, आणि आमची स्विफ्ट एकदम लग्नघरी यजमानांच्या रांगेत चुकून उभ्या राहिलेल्या आचाऱ्यासारखी दिसू लागली. मी काही बोललो नाही. पण मी तिच्याकडे बघतो आहे हे चिरंजीवांनी बघितले.

"बाबा, नवी गाडी नको. हिलाच नवी करू," तो म्हणाला. त्याला नोकरी लागून चार महिने झाले होते. तीन पगारांतले पैसे त्याने बाजूला टाकले होते. ते कशासाठी हे मला त्या दिवशी कळले.

आम्ही दोघे नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा सुटा भाग मिळत नाही असे म्हणणारा मनुष्य नाना पेठेत गेलेला नसतो. तिथल्या एका दुकानदारांनी आमच्या गाडीकडे वैद्याने रोग्याकडे पाहावे तसे पाहिले, मडगार्ड आणि चाक यांच्यामधल्या फटीत चार बोटे घातली, आणि खेदाने मान हलवली. "साहेब, एवढी जागा रिकामी! गाडी टाचा उंच करून उभी राहिल्यासारखी दिसते." अकरा वर्षांत ती फट मला दिसली नव्हती. त्या क्षणापासून मला फटीवाचून दुसरे काही दिसेना.

आता इथे थोडे अंकगणित सांगणे भाग आहे. टायरवर जे आकडे कोरलेले असतात ते आपण कधी वाचत नाही. आमच्या जुन्या टायरवर १६५/८० आर १४ असे होते. त्याचा अर्थ असा, की टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, त्याच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ऐंशी टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि आतल्या लोखंडी चाकाचा व्यास १४ इंच. दुकानदारांनी सुचवलेले टायर होते २०५/४५ आर १७. रुंदी जास्त, आतले चाक सतरा इंचांचे, चकाकणारे, दहा आऱ्यांचे. मात्र चाकाचा बाहेरून मोजलेला एकूण व्यास फार बदलून चालत नाही, नाहीतर वेगाचा काटा खोटे बोलू लागतो. म्हणून आतले चाक जेवढे वाढेल तेवढी रबराची भिंत घटते. जुन्या चाकाचा व्यास ६२० मिलिमीटर, नव्याचा ६१६. हिशेब अगदी चोख जुळला होता. भिंत मात्र १३२ वरून ९२ वर आली होती. चाळीस मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाहून किंचित जास्त रबर आणि हवा आम्ही काढून टाकली होती, आणि त्याबद्दल पैसे मोजले होते.

दुसरा दीड इंच स्प्रिंगांतून काढला. फट नाहीशी करायची तर गाडी खाली बसवायला हवी. त्याच्या दोन रीती: आखूड स्प्रिंगा विकत घेणे, किंवा आहेत त्यांचा एक वेढा कापणे. पहिली महाग होती. एका गॅरेजात ठिणग्या उडवीत चारही स्प्रिंगा कापल्या गेल्या, आणि चिरंजीवांनी त्याचे मोबाईलवर चित्रीकरण केले. पुढे तेच चित्रीकरण आमच्या विरुद्धचा पुरावा ठरले.

संध्याकाळी गाडी घेऊन आलो तेव्हा नाना गॅलरीत उभे होते.

नाना म्हणजे माझे वडील. वय तेव्हा एक्क्याऐंशी. १९६२ साली ते एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत लागले, आणि २००० साली तिथूनच निवृत्त झाले. मधली बरीचशी वर्षे त्यांचे काम एकच: गाड्यांचे कमान-पाटे. मोडलेला पाटा काढणे, नवा चढवणे, पाट्यांची उतरंड नीट बसली की नाही हे हातोडीच्या नादावरून ओळखणे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर एस.टी.त बसलो की ते खिडकीबाहेर न बघता डोळे मिटून बसत, आणि मधेच म्हणत, "मागचा डावा पाटा गेलाय हिचा." अशा माणसाच्या घरात आम्ही स्प्रिंगा कापून आणल्या होत्या.

नाना खाली आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. नातवाने चाके दाखवली, ती त्यांनी बघितली. "छान चकाकतायत," म्हणाले. मग विचारले, "स्प्रिंगा बदलल्या की कापल्या?"

"कापल्या, आजोबा. स्वस्तात काम झालं."

"बरं," नाना म्हणाले, आणि जिना चढून वर गेले. त्या 'बरं'चे वजन मला त्या दिवशी कळले नाही.

त्यानंतरचे काही आठवडे मोठ्या वैभवाचे गेले हे मी कबूल करतो. गाडी खरोखर देखणी दिसत होती. जमिनीला बिलगून, नव्या चाकांवर, पळण्याच्या तयारीत बसलेल्या चित्त्यासारखी. सिग्नलला पोरे वळून बघत. शेजाऱ्यांनी दोनदा चौकशी केली. मी ऑफिसातून परत येताना गाडी लावून झाल्यावर जिन्याच्या पहिल्या पायरीवरून एकदा मागे वळून बघत असे. वळणावर गाडी पूर्वीपेक्षा कमी कलत असे हेही खरे. पुणे-सातारा रस्त्यावर नवा डांबर असलेल्या तुकड्यावर तर ती रुळावरून जावी तशी गेली. पण आयुष्यातला नव्या डांबराचा तुकडा केवढा असतो हे पुण्याच्या वाचकांना मी सांगायला नको.

पहिली ठिणगी पडली २०२४ च्या होळीला. सौभाग्यवतीने बहिणीकडे न्यायला पुरणपोळ्या आणि मोठ्या डब्यात कटाची आमटी घेतली होती. डबा मांडीवर, झाकण घट्ट. कर्वे रस्त्यावर गटाराचे एक झाकण रस्त्यापेक्षा खाली गेलेले आहे. पूर्वी त्यावरून जाताना गाडी 'धुप' असा मऊ आवाज करीत असे. या वेळी 'खाड्' झाले. डब्याचे झाकण उघडून आमटी सौभाग्यवतीच्या नव्या साडीवर आली. "दिसायला बरी आहे गाडी," एवढेच ती म्हणाली. नवरा-बायकोच्या भाषेत हे वाक्य फार गंभीर असते.

मग गतिरोधक. रस्त्यांच्या बाबतीत इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांत गतिरोधक कसा असावा हे लिहिलेले आहे: दहा सेंटिमीटर उंच आणि तीन मीटर सत्तर सेंटिमीटर रुंद, गुळगुळीत गोलाई असलेला. असा गतिरोधक मी अजून शोधतो आहे. आमच्या सोसायटीच्या फाटकातला पाच इंच उंच आणि एक वीत रुंद आहे. तो गतिरोधक नसून उंबरठा आहे. गाडीची जमिनीपासूनची उंची मुळात १७० मिलिमीटर, त्यातले चाळीस आम्ही घालवलेले, उरले १३०. आणि पाच इंच म्हणजे १२७. तीन मिलिमीटरांवर आमची अब्रू! गाडीत मी एकटा असलो तर ती कशीबशी निघे. दोघे बसले की पोटाला 'खर्र' झालेच. तेव्हा असे ठरले की फाटकापाशी सर्वांनी उतरावे, मी एकट्याने गाडी तिरकी करून पार न्यावी, आणि पलीकडे सर्वांनी पुन्हा बसावे. सोसायटीचा पहारेकरी सुरुवातीला हसत असे, पुढे तोच अदबीने दार उघडून धरू लागला. घरची गाडी आली की घरचे लोक पायउतार होतात हा देखावा पाहायला मुले जमत.

या उतरणाऱ्या मंडळींत नाना नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

दर रविवारी सकाळी मी त्यांना दापोडीला त्यांच्या जुन्या जोडीदाराकडे सोडत असे. दोघे तिथे चहा पितात आणि १९७० च्या आसपासच्या वरिष्ठांना नावे ठेवतात. गाडी नटल्यावर ते दोन रविवार आले. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "तो गावी गेलाय." चौथ्या रविवारी, "आज नको, जरा फिरून येतो." मग पुढे विचारणेच बंद झाले. आम्हाला वाटले, वय झाले, उत्साह कमी झाला. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या कमरेचे दोन मणके झिजल्याचे सांगितले होते. सौभाग्यवती म्हणाली, "नाना आताशा गप्प गप्प असतात." मी मान डोलावली. वडील गप्प होणे हे मुलाला सोयीचे वाटते, असा एक काळ येतो. तो माझा आला होता.

एप्रिलातल्या एका रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात एक रिक्षावाला, हातात नानांचे चष्म्याचे घर. "काका, आजोबांचं हे रिक्षात राहिलं. सकाळी दापोडीला सोडलं ना त्यांना, तेव्हा."

"तुम्ही सोडलंत?"

"दर रविवारी मीच नेतो की. मी त्यांना म्हटलंसुद्धा, आजोबा, खाली एवढी झकास गाडी उभी आहे तुमची. तर म्हणाले, ती बसायची नाही, बघायची आहे."

मी चष्म्याचे घर घेतले. त्याचे आभार मानले की नाही ते आठवत नाही.

नाना परत आल्यावर मी त्यांच्या खोलीत गेलो. विचारायला शब्द सापडेनात, म्हणून नुसते घर त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते उघडून चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि माझ्याकडे बघून थोडे हसले.

"नाना, बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पोरानं पहिल्या पगाराचे पैसे घातले. आणि तू..." ते थांबले. "तू जिन्यावरून वळून वळून बघत होतास रोज. लग्नात घोड्यावरसुद्धा एवढा खूश नव्हतास."

"पण रिक्षा? रिक्षाचे धक्के काय कमी असतात?"

"रिक्षा हलवते रे," नाना म्हणाले. "तुझी गाडी हाणते."

नातू दारात येऊन उभा राहिला होता. तो आत आला, आणि त्या संध्याकाळी आम्हा दोघांची शिकवणी झाली. आयुष्यभर पाटे बसवलेल्या माणसाकडून ती आम्ही आधी घेतली असती तर पाऊण लाख रुपये वाचले असते.

नानांनी पेन्सिलीने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक स्प्रिंग काढली. "समज, हिला सहा वेढे आहेत. वजन आलं की सहाही वेढे थोडे थोडे दबतात. एक कापलास, आता तेच वजन पाच वेढ्यांवर. लोकांना वाटतं कापली म्हणजे कमजोर झाली. उलट! ती ताठ झाली. सहाला पाचनं भाग, तेवढ्या पटीनं ताठ. वर गाडी खाली बसली, म्हणजे चाकाला वर उचलायला जागाही कमी. जागा संपली की आत रबराचा ठोकळा असतो, त्यावर चाक आपटतं. तो ठोकळा अडल्यानडल्यासाठी असतो. तुम्ही त्यावर रोजचा संसार मांडलात."

मी त्या फटीविषयी विचारले, जी दुकानदारांना रिकामी दिसली होती. नाना म्हणाले, "पंगतीत दोन रांगांमध्ये जागा का सोडतात? तिथंही पानं मांडली तर वाढपी चालेल कुठून?"

चाकांचे वजन ही गोष्ट चिरंजीवांनी स्वतः शोधून काढली. अडगळीत ठेवलेले एक जुने चाक आणि एक नवे चाक त्याने न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिले. नवे साडेचार किलो जड भरले. नानांना आश्चर्य वाटले नाही. स्प्रिंगच्या वर जे वजन असते ते स्प्रिंग सांभाळते, पण स्प्रिंगच्या खालचे वजन रस्त्याच्या स्वाधीन असते. हलके चाक खड्ड्यातून चटकन पाय उचलते. जड चाक पखालीच्या रेड्यासारखे. एकदा उसळले की आवरत नाही, आणि तो सगळा धक्का वर पाठवते.

हलवणे आणि हाणणे यांतला फरक चिरंजीवांना पुस्तकातही सापडला. चांगली गाडी तिच्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एकदा-दीडदा वरखाली होते. पाळण्याची लय यापेक्षा फार निराळी नसते, आणि ती माणसाला मानवते. पण सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांचा धक्का बसला तर बसलेल्या माणसाच्या शरीराला तोच सर्वांत जास्त जाणवतो. मणका, पोट सगळे त्या तालावर थरथरू लागते. याची आंतरराष्ट्रीय मोजमापेसुद्धा ठरलेली आहेत. नानांनी ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून बघ, पुस्तक लागणार नाही." मग त्यांनी सांगितले की जास्त माल वाहावा म्हणून कुणी ट्रकला एक पाटा जादा चढवला की भरलेला ट्रक झोकात चालतो, आणि रिकामा ट्रक चालकाला छतावर आपटतो. पाटा किती हवा हे गाडीत कोण बसणार त्यावर ठरते.

सुंदर दिसणे आणि सुखाने नेणे यांचे भांडण आमच्यापासून सुरू झालेले नाही, एवढाच मी त्यातल्या त्यात दिलासा शोधला. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने १९४८ साली '२ सीव्ही' नावाची गाडी लोकांपुढे आणली. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडे फुटता कामा नये, अशी तिच्याकडून अपेक्षा होती असे सांगतात. गाडी पत्र्याच्या डब्यासारखी दिसे, लोक हसले, आणि नंतर १९९० पर्यंत ती बनत राहिली. अर्थात आमच्या घरात अंडी आणत नाहीत, पण आमटीचा अनुभव ताजा होता.

आणखी एक गोष्ट कळायची राहिली होती, ती मला माझ्याच धंद्याने शिकवली. मी बँकेत कर्जाच्या कागदांतली बारीक अक्षरे लोकांना वाचून दाखवणारा मनुष्य. चिरंजीव कायदा शोधत बसले तेव्हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले बावन्नावे कलम निघाले, आणि २०१९ च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल निघाला: कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. उद्या अपघात झाला असता तर विमा कंपनीने ते चित्रीकरण आनंदाने बघितले असते. गुपचूप चार रात्री मला झोप लागली नाही.

पुन्हा नाना पेठ. या वेळी नाना बरोबर आले, रिक्षाने. सतरा इंची चाके निम्म्या किमतीला गेली. ती विकताना पोराचा चेहरा बघवत नव्हता. स्प्रिंगा मूळच्या मापाच्या, नव्या घेतल्या, आणि अकरा वर्षे दमलेले शॉक-अॅब्सॉर्बरही बदलले. चाकांबाबत मात्र नानांनी नातवाची बाजू घेतली, हे मला अनपेक्षित होते. "पुन्हा ती काळी लोखंडी चाकं कशाला? पोराला थोडी हौस करू दे." याच गाडीच्या वरच्या प्रतीला कारखानाच १५ इंची चाके देतो: १८५/६५ आर १५. चिरंजीवांनी तिथल्या तिथे हिशेब केला. भिंत १२० मिलिमीटर, म्हणजे जुन्यापेक्षा अवघी बारा मिलिमीटर कमी. एकूण व्यास ६२१. चाके चंदेरी, बेताची चकाकणारी. काळ्या गाडीशेजारी ती यजमान दिसणार नाही, पण आचारीही दिसणार नाही.

काम चालले असताना नाना गॅरेजात स्टुलावर बसून होते. गाडी खाली उतरवल्यावर ते उठले, पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळहात ठेवून त्यांनी सगळा भार दिला आणि एकदम सोडला. गाडी वर आली, किंचित खाली गेली, आणि थांबली. चारही कोपऱ्यांवर त्यांनी हेच केले. मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून बघत राहिला. "कुठं होता आजोबा तुम्ही?" त्याने विचारले. "दापोडीला," नाना म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी सगळे निघालो. चिरंजीव चालवायला, मी शेजारी, मागे सौभाग्यवती आणि नाना. फट पुन्हा होती तशी दिसत होती, चार बोटांची. मी तिकडे बघायचे नाही असे ठरवले होते आणि तरी बघितले. फाटकापाशी गाडी आली. पहारेकऱ्याने सवयीने पुढे होऊन मागचे दार उघडले. सौभाग्यवती सवयीने उतरली. मीही उतरलो. चिरंजीवांनी सवयीने चाक तिरके केले.

नाना टोपी सारखी करून आपल्या जागी बसून होते.

"आजोबा, उतरता ना?"

"मी नाही उतरणार," नाना म्हणाले. "सरळ घे."

चिरंजीवांनी गाडी सरळ घेतली. 'धुप' झाले. आणि ती पलीकडे जाऊन उभी राहिली, आमची वाट बघत.